पिकअपला किती वजनाचा ट्रॅव्हल ट्रेलर झेपेल? (एफ-१५०, कोलोरॅडो)

अरोराकर

मंडळी, एक हिशेब तपासून हवा आहे.

आमच्याकडे २०२१ची फोर्ड एफ-१५० आहे. ३.५ लिटर इकोबूस्ट (टर्बो पेट्रोल इंजिन), चार दारांची, फोर बाय फोर. जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येतायत. त्यांना घेऊन ग्लेनवुड, मोआब आणि जमलंच तर यलोस्टोन असा बेत आहे. उन्हाळ्यातले हॉटेलांचे भाव आणि बाबांची पाठ, दोन्हींचा विचार करून ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं घाटतंय. एक पसंतही पडलाय. तीस फुटी, मागे बंक बेड, एक स्लाइडआउट (उभं केल्यावर बाहेर सरकणारा भाग). माहितीपत्रकात रिकामं वजन ६,४०० पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावर चालणारं कमाल वजन) ८,२००.

विक्रेता म्हणतो, "तुमचा ट्रक ११ हजार ओढतो, हा तर ६,४००चाच आहे, डोळे झाकून घ्या." माझ्या इंजिन-ॲक्सलच्या जोडणीला फोर्डच्या तक्त्यातही ११,०००च दिलंय, म्हणजे तो थापा मारत नाही. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून १,४८० पाउंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलंय. या आकड्याचा ट्रेलरशी काय संबंध, हे विचारल्यावर त्याने विषय बदलला. अजून पैसे भरलेले नाहीत.

माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, आई-बाबा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

विक्षिप्त_वैभव

घेऊन टाका हो. ४०० हॉर्सपॉवर आहे, ५०० पाउंड-फूट टॉर्क आहे. आमचे शेजारी याच ट्रकला ९,००० पाउंडांचा डबा लावून फ्लोरिडापर्यंत जातात. काही होत नाही. इंटरनेटवरच्या वजनकाट्या-पोलिसांचं ऐकत बसलात तर आयुष्यभर तंबूत झोपाल.

घाटवळण

वैभवराव, इंजिनाबद्दल वाद नाहीच. प्रश्न मागच्या चाकांचा आहे.

अरोराकर, तुमच्या शंकेचं उत्तर त्या स्टिकरवरच आहे. १,४८० म्हणजे तुमच्या ट्रकचा पेलोड. हा आकडा त्या मॉडेलचा सरसकट नसतो, तुमच्या नेमक्या ट्रकचा असतो, फॅक्टरीतून जसा बाहेर पडला तसा. सनरूफ, वीस इंची चाकं, गार-गरम सीटा असलं जे जे चढवलं, ते त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून महागड्या ट्रिमचा (जास्त सोयी-सजावटीच्या प्रकाराचा) पेलोड साध्या ट्रिमपेक्षा कमी भरतो. भरलेली टाकी ट्रकच्या मूळ वजनात धरलेली आहे, ड्रायव्हर मात्र धरलेला नाही. तुम्ही स्वतः पहिल्या किलोपासून त्या १,४८० मध्ये आलात.

आणि त्यातच येतं टंग वेट, म्हणजे ट्रेलरची मान हिचच्या (ट्रकमागच्या जोडाच्या) गोळ्यावर जेवढी दाबते तेवढा भार. ट्रॅव्हल ट्रेलरला तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १० च्या खाली गेलात तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मी हिशेबाला १३ टक्के धरतो, कारण पुढे बॅटऱ्या, प्रोपेनच्या टाक्या आणि समोरचा सामानाचा कप्पा भरला की तो तिथेच जाऊन बसतो.

आता मांडा. रिकामं वजन विसरा, रिकामा ट्रेलर कोणी ओढत नाही. माहितीपत्रकातल्या आकड्यात बऱ्याचदा बॅटरी नसते, भरलेलं प्रोपेन नसतं, पाणी तर नसतंच. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच गेले. मग भांडी, गाद्या, खुर्च्या, होज, जॅक, कुकर, पीठ, डाळ-तांदूळ. तुमचा ६,४००चा डबा ७,४०० ला सहज पोचेल. त्याचे १३ टक्के ९६२.

तुमच्या पाच जणांची वजनं आणि ट्रकच्या हौद्यात काय असेल ते लिहा, पुढची बेरीज करतो.

अरोराकर

मी १८०, बायको १४० (हे तिला सांगू नका), मुलगी ६५, आई १३५, बाबा १६०. हौद्यावर कव्हर आहे, साधारण ६० पाउंडांचं. कूलर, लाकडं, हत्यारांची पेटी मिळून १५० धरा.

घाटवळण

माणसं ६८०. कव्हर आणि सामान २१०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (मागच्या चाकांवरचा भार पुढे वाटणारा जोड) लागणारच, तो लोखंडाचा सांगाडा धरा ९०. झाले ९८०.

१,४८० मधून ९८० गेले, उरले ५००. हे ५०० तुमच्या वाट्याला आलेलं टंग वेट. १३ टक्क्यांनी उलटं गणित केलंत तर ट्रेलर बसतो साधारण ३,८५० पाउंडांचा. भरलेला, बरं का.

तुम्ही बघितलेला डबा जोडलात तर ९८० अधिक ९६२ म्हणजे १,९४२. साडेचारशेहून जास्त पाउंड वर.

अरोराकर

३,८५०??? आणि विक्रेता ११,००० म्हणतो? मग फोर्ड सरळ खोटं बोलते का?

मंजिरी_मिशिगन

खोटं नाही. माझं काम गाड्यांच्या चाचण्यांशी संबंधित आहे (कंपनी सांगत नाही), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्वी प्रत्येक कंपनी स्वतःच्या मनाने टोइंगचा आकडा काढायची आणि जाहिरातीत एकमेकींवर कडी करायची. २००८ मध्ये वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक आणलं. टोयोटाने २०११च्या मॉडेलपासून ते पाळायला सुरुवात केली. डेट्रॉइटच्या तिघी (फोर्ड, जीएम, क्रायसलर) "तू आधी, तू आधी" करत राहिल्या आणि २०१५च्या सुमारास वळणावर आल्या. चाचणी कडक आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमपासून वर चढणारा ११.४ मैलांचा घाट आहे. बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि ट्रेलरसकट वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर थांबलेल्या अवस्थेतून निघता आलं पाहिजे. ब्रेक, हाताळणी, डगमग, सगळं तपासतात.

मग अडतं कुठे? चाचणीत ट्रकमध्ये माणसं किती धरतात ते बघा: दोन. प्रत्येकी १५० पाउंड. वर हिचच्या सामानाला ७० पाउंडांपर्यंत मुभा. टंग वेट १० टक्के.

तुमच्या ट्रकला लावून बघा. ११,००० चे १० टक्के १,१००, त्यात ३७० मिळवा. १,४७०. स्टिकर म्हणतं १,४८०. आकडा चोख बसला की नाही? ११,००० हा आकडा खरा आहे, फक्त तो दोन सडपातळ माणसांचा आहे. त्यांना मूल नाही, सासू-सासरे नाहीत, कूलर नाही, आणि त्यांचा ट्रेलर बरोब्बर दहा टक्क्यांवर तोललेला आहे.

आणखी एक. फोर्डच्या टोइंगच्या पुस्तिकेत तळटिपांमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा दिलेली असते. एफ-१५० ला ती ६० चौरस फूट. आठ फूट रुंद, अकरा फूट उंच डब्याचं तोंड किती होतं ते काढा. बोट किंवा विटांनी भरलेला सपाट ट्रेलर आणि तेवढ्याच वजनाचं चालतं घर यांत वाऱ्याचा फरक जमीन-अस्मानाचा असतो.

विक्षिप्त_वैभव

हे सगळं ठीक आहे, पण वेट डिस्ट्रिब्युशन हिच असतं कशाला? ते टंग वेट पुढे ढकलतं. मग पेलोडचा प्रश्नच मिटला. आणि नाहीच मिटला तर मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाका, तीनशे डॉलरचं काम.

घाटवळण

एअरबॅगने ट्रकची मागची बाजू वर येते. दारावरचं स्टिकर बदलत नाही. ॲक्सल तोच, चाकं तीच, ब्रेक तेच, फ्रेम तीच. उलट धोका असा की ट्रक सरळ दिसायला लागतो आणि माणूस समजतो सगळं ठीक आहे. पुढची चाकं हलकी झालेली असतात ती तशीच राहतात.

वेट डिस्ट्रिब्युशनबद्दल तात्यांनी लिहावं. त्यांच्याकडे काट्याच्या चिठ्ठ्या आहेत.

टेक्सासचा_तात्या

हाक मारलीत, आलो.

आपला ट्रकही अर्ध्या टनवालाच (एफ-१५० च्याच वर्गातला), ट्रेलर मात्र लहान, चोवीस फुटी. माहितीपत्रकात रिकामा ४,६००. हायवेवरच्या ट्रक-स्टॉपांवर कॅट स्केल असतात, तिथे पंधरा डॉलरच्या आसपास पडतात, लगेच परत केलं तर त्याहून कमी. काट्याचे तीन पत्रे असतात: पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. तीनदा वजन करायचं. एकदा सगळं जोडून, एकदा हिचचे स्प्रिंगबार काढून, एकदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता ट्रक. मागे अठरा चाकी ट्रकांची रांग असते, ते लोक हॉर्न मारत नाहीत पण बघतात. पहाटे जावं.

माझी चिठ्ठी (पाउंडांत):

नुसता ट्रक, आम्ही दोघं आणि भरलेली टाकी: पुढे ३,०८०, मागे २,९००. एकूण ५,९८०.
ट्रेलर जोडून, बार काढून: पुढे २,८४०, मागे ३,८८०, ट्रेलर ५,१२०. एकूण ११,८४०.
ट्रेलर जोडून, बार लावून: पुढे ३,०२०, मागे ३,५८०, ट्रेलर ५,२४०. एकूण तेच ११,८४०.

वाचा आता. ११,८४० वजा ५,९८० म्हणजे ट्रेलर ५,८६०. ४,६००चा डबा साडेबाराशेहून जास्त फुगला, त्यात आमच्या सौंचा गॅस तंदूरही आला. बार नसताना ट्रकचं वजन ६,७२०, म्हणजे टंग वेट ७४०. ५,८६० च्या १२.६ टक्के. झकास.

आता गंमत पुढच्या चाकांची. नुसत्या ट्रकला ३,०८०. ट्रेलरची मान बसली तशी २,८४० झाली. २४० पाउंड उचलले गेले. स्टिअरिंग आणि ब्रेकचं मुख्य काम ज्या चाकांचं, तीच हलकी झाली. बार लावल्यावर ३,०२० वर आली. हे त्या हिचचं खरं काम.

ट्रकवरून ट्रेलरच्या चाकांकडे किती गेलं? ५,१२० चे ५,२४० झाले. १२० पाउंड, बस्स. वैभवभाऊ, तुमचा पेलोडचा प्रश्न १२० पाउंडांनी "मिटतो". अरोराकरांचा ट्रेलर मोठा आहे, त्यांचे दीड-दोनशे सरकतील. साडेचारशे जास्त आहेत. आणि सांगाडा स्वतः नव्वदचा.

ऊसकरी_सांगली

धागा भारी चाललाय. आमच्याकडं ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्यावर जातो, स्टिकर-बिकर कुणी बगत नाही. पण तात्यांनी जे पुढच्या चाकांचं लिवलंय ते मात्र शंभर टक्के खरं. चढाला ट्रॅक्टर पुढनं उठतोय ते आमच्या पोरांनी रोज बगितलंय. मग दोन गडी पुढं बॉनेटवर बसतात. तुमच्या त्या हिचला अमेरिकेत गडी मिळत नाहीत म्हणून स्प्रिंग लावलेत एवढंच.

टेक्सासचा_तात्या

😂😂 पाटील, दंडवत घ्या. मंजिरीताई, मानकात सुधारणा सुचवा.

मंजिरी_मिशिगन

सुचवते. "बॉनेटवरचे गडी प्रत्येकी १५० पाउंड धरावेत."

सिडनीची_स्नेहल

इथे ऑस्ट्रेलियात हाच घोळ वेगळ्या नावांनी चालतो. प्रत्येक डबल कॅब यूटच्या (पिकअपच्या) मागे "३,५०० किलो ओढते" असं लिहिलेलं असतं आणि लोक ३.३-३.४ टनांचे कॅरव्हॅन घेऊन डार्विनला निघतात. आकडे गोल धरते: गाडी-ट्रेलर मिळून परवानगी (जीसीएम) ६,३५० किलो. त्यातून ट्रेलरचे ३,५०० काढा, गाडीला उरले २,८५०. बुलबार आणि विंच लावलेली रिकामी यूट २,४५० ला जाते. राहिले ४०० किलो, त्यात चार माणसं, एस्की (कूलर), दुसरी बॅटरी, छतावरचा तंबू. छतावर तंबू! मागे घर ओढत असताना.

इथे ७५० किलोवरच्या ट्रेलरला ब्रेक हवेतच. दोन टनांच्या वर गेलात तर सगळ्या चाकांना ब्रेक, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणा.

घाटवळण, तुम्ही एकत्रित वजनाचा आकडा काढलाच नाहीत. तोही बघायला हवा ना?

घाटवळण

बघायला हवा, बरोबर. जीसीडब्ल्यूआर. अरोराकर, तुमच्या तक्त्यात तो असेल.

अरोराकर

१७,०००. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०.

घाटवळण

मग ७,०५० वजा १,४८०, तुमचा रिकामा ट्रक झाला ५,५७०. त्यात माणसं-सामान-हिचचे ९८० मिळवा, ६,५५०. ट्रेलर ७,४००. बेरीज १३,९५०. १७,००० पासून तीन हजारांनी लांब. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळे आरामात आहेत.

म्हणूनच अर्ध्या टनाच्या ट्रकवाल्यांची फसगत होते. ट्रक ओढताना अजिबात कुरकुरत नाही. स्नेहलताईंच्या यूटची गोष्ट वेगळी, तिथे एकत्रित वजनच आधी भरतं. इथे इकोबूस्टसारख्या इंजिनांमुळे ओढण्याची ताकद भरपूर आणि पाठीवर घेण्याची कमी, अशी जोडी झालीय. चारांपैकी जो आकडा आधी संपेल तो तुमचा: पेलोड, मागच्या ॲक्सलची भारमर्यादा (जीएडब्ल्यूआर), हिच रिसीव्हरची (हिच जिथे बसतं त्या ट्रकखालच्या खोबणीची) मर्यादा, आणि जीसीडब्ल्यूआर. रिसीव्हरवर खाली वाकून बघा, तिथेही स्टिकर असतं. एफ-१५० ला वेट डिस्ट्रिब्युशनशिवाय ५,००० पाउंड ट्रेलर आणि ५०० टंग एवढंच. टायरही बघा. कारखान्यातून आकाराच्या आधी "पी" अक्षर असलेले (साध्या प्रवासी गाड्यांचे) टायर आले असतील तर त्यांच्या कडा मऊ असतात आणि ट्रेलर जोडला की ट्रक लुसलुशीत वाटतो.

म्युनिकवाली

एक शंका. इकडे युरोपात आम्ही साध्या स्टेशन वॅगनला दीड टनाचा कॅरव्हॅन लावतो. गोळ्यावरचा भार ७५-१०० किलो, म्हणजे पाच-सहा टक्के. आमचे ट्रेलर का नाही शेपूट हलवत? अमेरिकेतले लोक १३ टक्के म्हणजे उगाच घाबरतात असं नाही का?

मंजिरी_मिशिगन

चांगला प्रश्न आहे. तुमचे कॅरव्हॅन वेगळे बांधलेले असतात. जड वस्तू ॲक्सलजवळ, टोकं हलकी, आणि गोळ्यावर घर्षणाने डगमग दाबणारा स्टॅबिलायझर जवळपास नेहमीचा. मुख्य म्हणजे वेग. जर्मनीत ट्रेलरसकट ८० किमी, वेगळी परवानगी काढलीत तर १००. इथे टेक्सासमध्ये लोक तीस फुटी डबा घेऊन ताशी ७५ मैलांनी, म्हणजे १२० किमीने जातात. डगमग एका विशिष्ट वेगानंतर आपोआप शमायची थांबते आणि वाढत जाते, आणि तो वेग टंग वेट कमी असलं की खाली येतो. ८० ला जे चालतं ते १२० ला चालेल असं नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ५५ मैलांची मर्यादा आहे ती काही उगाच नाही (पाळतो कोण ते विचारू नका).

म्युनिकवाली

समजलं. ताशी ७५?! देव तुमचं भलं करो.

लोणावळा_ते_लव्हलँड

मी वाचनमात्र असतो, पण या घाटातला आहे म्हणून लिहितो.

अरोराकर, डेन्व्हरहून पश्चिमेला ग्लेनवुड-मोआबकडे जायचं तर आय-७० वर आयझेनहावर बोगदा लागतो, ११,००० फुटांच्या वर. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्के घटते, तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. तुमचं टर्बो आहे, चढाची काळजी नको. उताराची करा. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सहा-सात टक्के सलग उतार आहे आणि सुटलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधलेत ते शोभेला नाहीत. टो/हॉल मोड (ओढतानाची गिअरची खास सोय) लावा, वरूनच खालचा गिअर धरा, ब्रेक दाबून सोडा, सतत पाय ठेवून बसू नका. ट्रेलरचे ब्रेक गरम होऊन वास यायला लागला की उशीर झालेला असतो.

यलोस्टोनला जाताना वायोमिंगमधून जाल. लॅरमी ते रॉलिन्स आय-८० चा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे. हलक्या, उंच गाड्यांना तो रस्ता बंद केल्याचे फलक लागतात, आणि ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे नेमकी तीच गाडी. तीस फुटी भिंत आडव्या वाऱ्यात एफ-१५० च्या मागे मला नको, वजन कितीही बसू दे.

आणि ट्रेलर हललाच तर: ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने भांडू नका. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणाऱ्या यंत्राची) हाताने दाबायची पट्टी दाबा, नुसते ट्रेलरचे ब्रेक लागू द्या. ती पट्टी कुठे आहे हे बोटांना आंधळेपणाने कळलं पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा.

विक्षिप्त_वैभव

बरं बाबांनो, हरलो असं नाही, पण मुद्दा समजला. मग एफ-२५० डिझेल घ्या आणि संपवा विषय.

टेक्सासचा_तात्या

थांबा. तिथेही स्टिकर बघूनच. डिझेल इंजिनच इतकं जड असतं की पेट्रोलवाल्या एफ-२५० पेक्षा पेलोड बराच कमी भरतो. त्यात कित्येक एफ-२५० नोंदणीच्या सोयीसाठी १०,००० जीव्हीडब्ल्यूआरवर बांधलेल्या येतात. दोन हजारांच्या आसपास पेलोड असलेली सजवलेली डिझेल एफ-२५० मी लॉटवर उभी पाहिलीय. पेट्रोल इंजिन, साधी ट्रिम बघा, तीन हजारांच्या वर मिळतो. डीलरच्या लॉटवर फिरताना दार उघडून आधी चौकट बघायची, मग किंमत. सेल्समनला राग येतो, येऊ दे.

नवी_सभासद_रुचा

बाळबोध प्रश्न: आई-बाबांना ट्रेलरमध्येच बसवलं तर? पलंग आहे, बाथरूम आहे, बाबांच्या पाठीलाही बरं. ट्रकचा भारही हलका.

घाटवळण

नको. पट्टे नाहीत, भिंती प्लायवूड आणि फोमच्या, आणि अपघातात सगळ्यात आधी तेच मोडतं. कॅलिफोर्नियासह कित्येक राज्यांत ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणूस बसवून ओढणं बेकायदाच आहे.

अरोराकर

सगळ्यांचे आभार. शनिवारी पहाटे कॅट स्केलवर जाऊन आलो (तात्या, रांग नव्हती). आम्ही तिघं, भरलेली टाकी, हौद्यावर कव्हर: ६,०६०. कागदावरच्या हिशेबापेक्षा ४५ पाउंडांनी जास्त. बहुतेक सीटखाली साठलेलं मुलीचं सामान. आई-बाबा धरले की ६,३५५, हिच आणि हौद्यातला पसारा धरून ६,५९५. ७,०५० ला उरतात ४५५, म्हणजे ट्रेलर साडेतीन हजारांचा. पाच जण झोपतील असा त्या वजनात काही मिळत नाही, मिळाला तर पुण्याच्या वन आरकेसारखा.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "सगळे असंच ओढतात." ट्रेलरच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो मागितला तर त्यात रिकामं वजन माहितीपत्रकापेक्षा २८० पाउंडांनी जास्त निघालं, दुसरा एसी आणि मोठी ऑनिंग (दारापुढचं कापडी छप्पर) बसवलेली होती. म्हणजे ७,४०० सुद्धा आपण कमीच धरले होते.

घरी ठरलं ते असं. बायको कॅमरी घेऊन मागून येणार, आई-बाबा तिच्यासोबत, कूलर आणि हत्यारांची पेटीही तिच्याच डिकीत. ट्रकमध्ये मी आणि मुलगी. मग बावीस-तेवीस फुटी, भरून साडेपाच हजारांचा डबा चालेल असं दिसतंय. १३ टक्क्यांनी ७१५. आईला "दोन गाड्या कशाला" हे अजून पटलेलं नाही.

घाटवळण

नुसते तुम्ही दोघं असाल तर ७१५ सुखाने बसेल, लाकडं सोडली तर वर तीनशेहून जास्त पाउंड राखीव. कॅमरीला पुढे ठेवा, मागे नको. पुढच्या पेट्रोल पंपावर ट्रेलरसकट वळता येईल का, हे तिने आधी जाऊन बघायचं आणि फोन करायचा. ती सोय ज्याने अनुभवलीय तो दुसरी गाडी सोडत नाही.

घेण्याआधी तसाच एखादा आठवडाअखेरीला भाड्याने घेऊन ग्लेनवुडपर्यंत जाऊन या. आणि जो घ्याल त्याच्या पाण्याच्या टाकीची जागा बघा. ॲक्सलच्या मागे असेल तर टाकी भरल्यावर टंग वेट कमी होतं, पुढे असेल तर वाढतं. लेआउटनुसार हा फरक शंभर-दीडशे पाउंडांचा पडू शकतो.

अरोराकर

टाकीचं कोणी बोललंच नव्हतं! बघतो. ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्ये फॅक्टरीचाच आहे, त्याचं गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) किती ठेवायचं?

टेक्सासचा_तात्या

ट्रेलर भरून, रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी २०-२५ मैल. नुसती हाताची पट्टी पूर्ण दाबायची. ट्रेलरची चाकं लॉक व्हायच्या किंचित आधीपर्यंत गेन वाढवायचं. भरलेल्या ट्रेलरला वेगळं, रिकाम्याला वेगळं, ओल्या रस्त्यावर परत वेगळं. बाकी त्यावर नवीन धागा काढा, इथे ऊसवाले पाटील कंटाळले असतील.

ऊसकरी_सांगली

कंटाळलो न्हाई. आईंना सांगा, दोन गाड्याच बऱ्या. आन् यलोस्टोनचे फोटो टाका.